जुनी गाडी खोलायचं बिल वेगळं करा

व्हिडिओत गाडी खोलताना दाखवली, पण पैशाचं बोलायला वेळ पुरला नाही. ते इथे लिहितो.

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करून द्यायचा धंदा करू म्हणणारे अमरावती-अकोल्यात बरेच आहेत. बहुतेकांच्या डोळ्यासमोर दोन सीटची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार असते. आपल्या महाराष्ट्रातही अशी गाडी बनली आहे. अलिबागकडची चिंकारा रोडस्टर, फायबरची बॉडी आणि आत इसुझूचं १८०० सीसी इंजिन. पण तुमच्या बडनेरा रोडच्या शेडमध्ये ती कधी येईल? येईल ती प्रीमियर पद्मिनी. ही कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००, १०८९ सीसीची. शिकायला हीच बरी. खोलायची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते, आणि पद्मिनीचा एखादा भाग हरवला तर तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात निदान शोधता येतो.

आता गिऱ्हाईक येतं आणि पहिलाच प्रश्न टाकतं, "भाऊ, पाहून सांगा ना, किती लागन?" इथेच धंदा बसतो. बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. वर चकचकीत रंग असतो आणि खाली बोटभर लांबी भरलेली असते. चुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही असं समजा. आपल्याकडे ऊन कडक, म्हणून रबर, बीडिंग, डॅशबोर्ड तडकतात, पण पत्रा बऱ्यापैकी टिकतो. मुंबईहून स्वस्तात आणलेल्या गाडीचं उलटं असतं. खारी हवा खालून खाते. मला विचाराल तर दहा हजार जास्त द्या, पण वऱ्हाडातच उभी राहिलेली गाडी घ्या.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालचा उंबरठा गंजला असेल आणि तुम्ही तो सरळ ग्राइंडरने कापला, तर गाडी मधून बसते आणि मग दार लागत नाही. म्हणून कापायच्या आधी, दारं जागेवर असतानाच, आतून पाइपचे टेके वेल्ड करायचे. छत नसलेल्या पत्र्याच्या स्पोर्ट्स कारला तर टेक्याशिवाय हातच लावू नका.

खोलायचा क्रम व्हिडिओत पाहिलाच आहे: आधी बॅटरी सोडा, पेट्रोल काढा, मग बंपर, दिवे, काचा, सीट, वायरिंग, आणि नंतर चेन पुलीवर इंजिन-गिअरबॉक्स. चाकं अगदी शेवटी. चाकं काढली की गाडी जागची हलत नाही आणि तुमची अर्धी शेड अडते. पुढच्या कॉइल स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात घालू नका, ती सुटली तर हात तुटेल.

पाना चालवणारे गावात पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक पैसे देतं ते नोंदीचे. प्रत्येक जोडणीचा आधी फोटो. नट-बोल्ट झिपच्या थैलीत, वर चिठ्ठी: "उजवं पुढचं दार, वरचा बिजागर, ३ बोल्ट". वायर कापायची नाही, दोन्ही टोकांना टेप लावून एकच नंबर लिहायचा. तुटका भागही फेकायचा नाही, नवा बनवायला टर्नरला तोच नमुना लागतो. चार महिन्यांनी जोडणारा माणूस दुसराच असू शकतो, हे धरूनच लिहा.

आता हिशोब. समजा, शेडचं भाडं महिन्याला ८,००० आणि मेकॅनिकचा पगार १८,०००. म्हणजे २६,०००. कामाचे दिवस २६ धरा, रोजचे झाले १,०००. खोलणं, फोटो, यादी यात १२ दिवस गेले की १२,००० रुपये तुमच्या खिशातून गेले. त्यानंतर खरा अंदाज ऐकून गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या", तर? म्हणून खोलण्याचं बिल वेगळं, आणि आधी. बदल्यात त्याला फोटोंसकट छापील अहवाल द्या: काय चांगलं, काय दुरुस्त होईल, काय नवं लागेल. तो घेऊन दुसरीकडे गेला तरी तुमचे १२ दिवस भरून निघाले.

कागद पाना लावायच्या आधी पाहा. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून, फोटो काढून ठेवा, आणि त्या जागेवर ग्राइंडर किंवा जाड रंग चालवू देऊ नका. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद लागते. २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ च्या बदलानंतर १०,००० रुपये आहे, ते अंदाजात वेगळं दाखवा.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर गोष्टच वेगळी. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,०००. मात्र चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. म्हणजे हौसेने मारुतीचं इंजिन बसवायला निघालेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही आधीच थांबवायचं. जुनं इंजिन भंगारात गेलं की ही वाट बंद.

शेवटचं कलम जागेचं. स्पेअरची वाट पाहत गाडी चार महिने उभी राहिली आणि तिने अर्धी शेड अडवली, तर वरच्याच भाड्याने १६,००० रुपये गेले. करारात लिहा: गिऱ्हाइकाकडून पैसे किंवा निर्णय अडला तर तिसाव्या दिवसानंतर जागेचं भाडं लागेल. त्या ओळीखाली त्याची वेगळी सही घ्या, आणि तिचा फोटो त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.