बेने इस्रायल समाजातील धर्मशिक्षण आणि कुटुंब

सिनेगॉगमधील धर्मशिक्षणाचा विचार बहुधा मुलांच्या हिब्रू वर्गापुरता सीमित राहतो. कोकणातून मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या बेने इस्रायलांचे मराठी धार्मिक वाङ्मय पाहता निराळीच दृष्टी आढळते. तेथे शिकणारे असते ते सबंध कुटुंब.

१८७४ साली पुण्यात मुद्रित झालेली हग्गादा याचे बोलके उदाहरण होय. तीत हिब्रू संहितेसोबत मराठी भाषांतर आहे. चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. पेसाहच्या रात्री प्रश्न विचारावयाचा तो धाकट्याने, मुक्तीची कथा सांगावयाची ती वडीलधाऱ्यांनी. भाषांतरामुळे हिब्रू न जाणणाऱ्या आईलाही या संवादात भाग घेणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या कीर्तनांनी हिब्रू बायबलातील आख्याने मराठी श्रोत्यांपर्यंत अशीच पोहोचविली.

अर्थात भाषांतरालाही मर्यादा आहे. केवळ मराठीवर वाढलेले मूल सामुदायिक हिब्रू प्रार्थनेत परकेच राहील. उलटपक्षी, अर्थावाचून पाठ केलेले हिब्रू घरी पोहोचत नाही. १९४८ नंतरच्या स्थलांतराने विरळ झालेल्या या समाजात धर्मशिक्षणाची पुनर्रचना करावयाची, तर वर्ग आणि घर यांची ही फारकत प्रथम मिटवावी लागेल.