कर्ण्यावरचा आवाज



‘वस्तीत इंटरनेट आले की वस्ती सुधारते’ असे आपण सहज बोलून जातो. आज बहुतेक घरांत मोबाइल आहे. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुले पैसे मोजून दुकानात जातात आणि पेन्शन का थांबली हे एखाद्या विधवेला महिनोन्‌महिने कळत नाही. सिग्नल घरात येणे वेगळे आणि त्यातून माणसाचे काम होणे वेगळे. हा फरक समजून घेण्यासाठी या पाठात आपण पुदुच्चेरीजवळच्या काही गावांची माहिती घेऊ.

१९९८ मध्ये एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने तेथे ‘ग्राम ज्ञान केंद्रे’ सुरू केली. प्रतिष्ठानच्या लोकांनी आधी गावोगाव फिरून ‘तुम्हाला काय माहीत करून घ्यायचे आहे?’ असे विचारले. संगणक त्यानंतर आले. कोणाला धान्याचा भाव हवा होता, कोणाला सरकारी योजनांची यादी, तर कोळ्यांना समुद्राची खबर. विल्लियनूर येथील मुख्य केंद्रात ही माहिती गोळा होई, तमिळमध्ये लिहिली जाई आणि गावांना पाठवली जाई. टेलिफोनचा भरवसा नव्हता म्हणून बिनतारी यंत्रे वापरली. वीज जाई म्हणून सौर तावदाने बसवली. जागा गावाने द्यायची, केंद्र गावच्याच स्वयंसेवकांनी चालवायचे, आणि ते सर्वांना खुले ठेवायचे, अशी बोली होती.

शेवटची अट सर्वांत अवघड होती. एंबलम गावात केंद्राला देवळाच्या वास्तूत जागा मिळाली. त्या वास्तूला दोन दारे होती. एका दारातून देवळात जाता येई. तेथे दलितांना आणि मासिक पाळीतील स्त्रियांना मज्जाव होता. दुसऱ्या दारातून संगणकापाशी जाता येई आणि तेथे कोणालाही अडवले जात नसे. संगणकाने गावातली जातिभेदाची भिंत पाडली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण एक दार उघडे राहिले, तेही अट घातली होती म्हणून.

वीरमपट्टिणम हे मासेमारीचे गाव. लाटांच्या उंचीचा अंदाज तेव्हा अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावर मिळत असे. तो उतरवून घ्यायचा आणि किनाऱ्यावरच्या कर्ण्यावरून तमिळमध्ये सांगायचा, असा क्रम सुरू झाला. इंटरनेट म्हणजे काय हे जाळी विणत बसलेल्या माणसाला माहीत असण्याची गरज नव्हती. आज होडी लोटायची की नाही एवढे त्याला कळत होते.

२६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला. आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाटा येईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ होता, पण सावध करणारी यंत्रणा नव्हती. पुदुच्चेरीजवळच्याच नल्लवाडू गावातील एक तरुण तेव्हा सिंगापूरला होता. बातमी ऐकून त्याने घरी फोन केला. गावकऱ्यांनी ज्ञान केंद्राचे दार फोडले आणि कर्ण्यावरून हाक दिली. घरे गेली, होड्या गेल्या, पण माणसे वाचली. त्याच सकाळी दक्षिणेला वेलंकणीच्या किनाऱ्यावर शेकडो भाविक लाटांत सापडले.

यात इंटरनेट कोठे आले, असे कोणी विचारील. खरेच, इशारा आला साध्या फोनवरून. पण कर्णा बसवला होता इंटरनेटवरची माहिती सांगण्यासाठी, आणि त्यावरून येणारी खबर खरी असते हे लोकांना रोजच्या अनुभवाने ठाऊक झाले होते. एरवी रविवारी सकाळी ‘पळा’ म्हटल्याने कोण पळाले असते?

आपल्या महाराष्ट्रातही १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. बेत पुष्कळ होते. मुख्य वापर झाला तो उसाचे वजन आणि बिल पाहण्यासाठी. पुढे काही गावांत हीच माहिती मोबाइलच्या संदेशावर देऊन पाहिली, आणि तेवढ्याने काम भागले. संगणकाचे कौतुक आम्हाला फारसे वाटत नाही ते यामुळेच.

आज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज आणि मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना थेट मच्छीमारांसाठी देते. अमेरिकी संकेतस्थळाकडे डोळे लावून बसण्याचे दिवस गेले. मात्र ती सूचना समजावून सांगणारा, अर्ज का फेटाळला ते वाचून दाखवणारा माणूस सगळीकडे नाही.

लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत या गोष्टीवर बोलावे. आपल्या आळीत ऑनलाइन अर्जासाठी अडून राहिलेली घरे किती, आणि कोणती? आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्याजवळ बसू शकेल असा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी कोण? आणि हे काम सभागृहात ठेवले, तर चर्चला न येणारे आपले शेजारी तेथे मोकळेपणाने येतील का, की त्यासाठी दुसरी जागा पाहावी लागेल?