पत्रिका वाचण्याची पहिली पायरी : आकडा राशीचा, जागा घराची

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सुरुवातीलाच सांगतो, मी ज्योतिषी नाही. कॉमर्सचा पदवीधर, ३७ वर्षे बँकेत कारकुनी केली. निवृत्तीनंतर देवळातल्या रविवारच्या वर्गाला बसून पत्रिका वाचायला शिकलो, तेवढीच शिदोरी. पण गुरुवारी आरती झाल्यावर ओट्यावर बसलं की कुणी ना कुणी पिशवीतून नातवाची नाहीतर नातीची पत्रिका काढतं आणि हळूच विचारतं, "बघा हो, यात मंगळ आहे का?" म्हणून हा लेख लिहायला घेतला. भविष्य सांगण्यासाठी नाही. समोरचा कागद आपला आपल्याला वाचता यावा, एवढ्याचसाठी.

कुंडली म्हणजे आकाशाचा नकाशा

आपल्याकडे दत्तजन्म सूर्यास्ताच्या सुमारास साजरा होतो. पाळणा हलवून झाल्यावर देवळाच्या अंगणात येऊन उभे राहा. पश्चिमेला सूर्य मावळत असतो आणि पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र वर येत असतो. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की निम्मी कुंडली समजली.

आता असं धरा की त्याच वेळी गावात एक बाळ जन्मलं. (देवाची पत्रिका मांडण्याचं धाडस मी करत नाही, हे बाळ आपल्यातलंच.) कुंडलीच्या वरच्या बाजूचं मधलं चौकोनी घर म्हणजे पूर्व क्षितिज. तिथे त्या क्षणी जी रास उगवत असते, तिला लग्नरास म्हणतात. या 'लग्ना'चा आणि मंगलाष्टकांचा संबंध नाही. लग्न म्हणजे क्षितिजाला लागलेली रास. त्याच्या बरोबर समोरचं, खालच्या बाजूचं मधलं घर म्हणजे पश्चिम क्षितिज. उजवीकडचं मधलं घर म्हणजे डोक्यावरचं आकाश आणि डावीकडचं मधलं घर म्हणजे पायाखालची बाजू.

मग या बाळाच्या कुंडलीत चंद्र कुठे असणार? वरच्या मधल्या घरात. आणि सूर्य? खालच्या मधल्या घरात. हे सांगायला पंचांगही उघडावं लागलं नाही!

घरं कशी मोजायची

वरचं मधलं घर नेहमी पहिलं. तिथून डाव्या हाताला, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने मोजत जायचं. डावीकडचं मधलं घर चौथं येतं, खालचं मधलं सातवं, उजवीकडचं मधलं दहावं आणि वर उजव्या कोपऱ्यात बारावं. हे कधीही बदलत नाही.

प्रत्येक घराचं खातं ठरलेलं आहे. पहिलं देह आणि स्वभाव, दुसरं धन व कुटुंब, तिसरं पराक्रम व भावंडं, चौथं माता व सुख, पाचवं विद्या व संतती, सहावं रोग व शत्रू, सातवं जोडीदार, आठवं आयुष्य व मृत्यू, नववं भाग्य व धर्म, दहावं कर्म, अकरावं लाभ, बारावं खर्च आणि मोक्ष.

घरातला आकडा कशाचा?

नवशिक्या माणसाचा पाय इथे हमखास घसरतो. घरात लिहिलेला आकडा हा घराचा क्रमांक नसतो, तो राशीचा असतो. १ मेष, २ वृषभ, ३ मिथुन, ४ कर्क, ५ सिंह, ६ कन्या, ७ तूळ, ८ वृश्चिक, ९ धनू, १० मकर, ११ कुंभ, १२ मीन.

बँकेतलं उदाहरण देतो. काउंटर जागचे हलत नाहीत. पहिला तो पहिलाच, सातवा तो सातवाच. पण कोणत्या काउंटरवर आज कोणता कारकून बसला आहे, ते बदलतं. घरं म्हणजे काउंटर. आकडे म्हणजे कारकुनांच्या बिल्ल्यांचे नंबर. आणि ग्रह म्हणजे समोर आलेली गिऱ्हाइकं. आठ नंबरचा बिल्ला लावलेला कारकून सातव्या काउंटरवर बसला, म्हणून तो काउंटर आठवा होत नाही.

२०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. त्या संध्याकाळी चंद्र वृषभेत आणि सूर्य वृश्चिकेत होता. तेव्हा आपल्या बाळाच्या पहिल्या घरात आकडा २ आणि चंद्र; पुढे ३, ४, ५ असे आकडे भरत गेलं की सातव्या घरात येतो आकडा ८ आणि तिथे सूर्य. घर सातवं, आकडा आठ. हे एकदा कागदावर काढून बघाच.

चंद्र ज्या घरात असेल, तिथला आकडा म्हणजे त्या माणसाची रास. म्हणून या बाळाची रास वृषभ. याच्या बाबतीत लग्न आणि रास एकच आलं. एरवी बहुधा ती निराळी असतात.

माझी चूक

हा आकड्याचा मुद्दा मी इतका घोळून का सांगतो आहे, त्याला कारण आहे.

१९८६ सालची गोष्ट. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. एक मुलगा घरी येऊन गेला होता, मंडळी चांगली होती. मग त्यांच्याकडून पत्रिका आली. आमचे अण्णा फारसे शिकलेले नव्हते, त्यांनी ती माझ्या हातात दिली, "तू बघ." मी बी. कॉम. झालेला, बँकेत चिकटलेला, आणि एस. टी. स्टँडवर घेतलेलं एक छोटं पुस्तक वाचून नुकताच शहाणा झालेला. आठचा आकडा असलेल्या घरात 'मं' लिहिलेलं दिसलं आणि मी ठोकून दिलं, "अण्णा, आठवा मंगळ आहे. कडक!" अण्णांनी एका शब्दाने विचारलं नाही. 'पत्रिका जुळत नाही' असं कळवून मोकळे झाले.

बहिणीचं लग्न जमायला पुढे अडीच वर्षं गेली. त्याच्या आदल्या हिवाळ्यात अण्णा गेले. कन्यादान मी केलं.

रविवारच्या वर्गात गुरुजींनी सरावाला घरातल्या दहा पत्रिका आणायला सांगितल्या. मी जुनी वही काढली. त्या वयात हौसेने उतरवून ठेवलेली ती पत्रिका त्यात निघाली. वरच्या मधल्या घरात आकडा होता ६, कन्या लग्न. बोट ठेवून मोजलं. सहा पहिलं घर, सात दुसरं, आठ तिसरं. मंगळ तिसरा होता! आपल्याकडे मंगळाची पत्रिका म्हणतात ती पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असेल तर. तिसऱ्याचा दोष कुणी धरत नाही. उलट वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास. पराक्रमाच्या घरात असा मंगळ चांगलाच मानतात. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तिसराच आला.

ताळा घ्यायला शिका

बँकेत संध्याकाळी ताळा जमल्याशिवाय आम्ही उठत नसू. पत्रिकेलाही ताळे आहेत. फलित बघण्याआधी हे पाच घ्यावेत.

१. राहू आणि केतू नेहमी समोरासमोरच्या घरांत असतात. एक दुसऱ्यापासून सातवा.

२. बुध सूर्याच्याच घरात किंवा लगतच्या घरात असतो. शुक्र फार तर दोन घरं दूर. त्यापलीकडे दिसला तर लिहिण्यात चूक आहे.

३. सूर्याचा आकडा तारखेवरून ताडून पाहा. मकरसंक्रांतीला सूर्य १० मध्ये जातो, साधारण १४ एप्रिलला १ मध्ये. दर महिन्याच्या मध्याला एक रास पुढे. १ मे चा जन्म असेल तर सूर्य १ च्याच घरात हवा.

४. सूर्याचं घर वेळेवरून ताडून पाहा. सूर्योदयाचा जन्म असेल तर पहिलं घर, भर दुपारचा दहावं, सूर्यास्ताचा सातवं, मध्यरात्रीचा चौथं. एखादं घर मागेपुढे होईल, जास्त नाही. दुपारी बाराचा जन्म आणि सूर्य चौथ्या घरात, असं दिसलं तर दिवस-रात्रीचा घोटाळा झाला असं समजावं.

५. पौर्णिमेचा जन्म असेल तर चंद्र सूर्यापासून सातवा हवा, अमावास्येचा असेल तर जवळजवळ. सीमेवर असतील तर एका घराचा फरक पडतो.

जन्मवेळ

आपल्या पिढीच्या जन्मवेळा कशा असत? 'दिवेलागणीला झाला', 'गुरं परतली तेव्हा'. चोवीस तासांत बाराही राशी पूर्व क्षितिजावरून वर येतात, म्हणजे एक लग्न सरासरी दोन तास टिकतं. वेळ तासाभराने चुकली तर लग्न बदलू शकतं, आणि लग्न बदललं की सगळी घरं बदलतात. सातवा मंगळ सहावा होतो! चंद्र मात्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो. म्हणून वेळ नक्की ठाऊक नसेल तर रास बहुधा बरोबर येते, पण घरांवरून काही सांगू नये.

आणि त्याच दवाखान्यात त्याच तासात जन्मलेल्या दोन बाळांची कुंडली बहुतेक वेळा सारखीच दिसते, पण आयुष्यं सारखी जात नाहीत, हेही मनात असू द्यावं. ग्रह कुठे होते हे गणित आहे, त्याचा ताळा घेता येतो. त्याचं फळ काय, हा माणसाने बांधलेला अंदाज आहे.

शेवटी

चूक सापडली त्या वर्षी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर वही उघडून तिला सगळं दाखवलं. तिचा संसार चांगला झाला आहे, नातवंडं आहेत, तक्रार कशाचीच नाही. ती वहीकडे बघून हसली. म्हणाली, "दादा, मंगळ तिसरा का आठवा ते तू बघ. त्या दिवशी पाहुण्यांना चहा मी नेला होता. मला तो मुलगा कसा वाटला, हे तुम्ही कुणी विचारलंच नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने ताटातला लाडू माझ्या हातावर ठेवला आणि आत गेली.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता नातवंडांच्या पत्रिका येतील-जातील. हौसेने जरूर बघा. घर मोजा, आकडा वाचा, ताळा घ्या, एकदा सोडून दोनदा घ्या. पण कागद उघडण्याआधी ज्याची पत्रिका आहे, त्याला जवळ बसवून विचारा. आणि आपलं मोजणं चुकलं असेल तर, दत्तमहाराज, ते वेळेवर लक्षात येऊ द्या, एवढंच मागणं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥