नगरकारभाराचे नियतकालिक आणि लहान गावाची नगरपरिषद

सन १९२६ हे वर्ष अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याच्या धरणामुळे स्मरणात आहे. त्याच वर्षी मुंबईत स्थानिक स्वराज्याचा अभ्यास व प्रशिक्षण यांसाठी एक संस्था स्थापन झाली. तीच आजची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था होय. १९३० पासून तिने इंग्रजी त्रैमासिकही चालविले. नगरपरिषदांच्या कचेऱ्यांत मात्र ही संस्था मुख्यतः स्वच्छता निरीक्षक आणि स्थानिक स्वराज्य पदविका या अभ्यासक्रमांमुळे परिचित आहे. पुढे १९६९ मध्ये दिल्लीच्या भारतीय लोकप्रशासन संस्थेचे 'नगरलोक' हे त्रैमासिक सुरू झाले.

अशा नियतकालिकांचा राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरेसारख्या गावाला कितपत उपयोग होतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. (नाशिकजवळची देवळाली छावणी मंडळाची म्हणून प्रसिद्ध, नदीचे नाव जोडल्याने ही देवळाली वेगळी ओळखू येते.) १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्येची नगरपरिषद 'क' वर्गात मोडते, आणि देवळाली प्रवरा त्याच वर्गातील आहे. येथे बाजारपेठेइतकेच उसाचे मळे आणि वाड्यावस्त्याही नगरपरिषदेच्या हद्दीत येतात. मळ्यातील चार घरांसाठी जलवाहिनी दूरवर न्यावी लागते. पाणीपट्टी मात्र चारच घरांची मिळते.

नगरविषयक लेखनाचा रोख बहुधा महानगरांकडे असतो. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर विपुल लिहिले गेले. परंतु तीमधील प्रभाग समित्यांची तरतूद तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नमूद असले, तरी ते सोपविणे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर ठेवले आहे. लहान गावाच्या दृष्टीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद अधिक महत्त्वाची होय. तिच्या सदस्यांपैकी चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडले जातात. या तरतुदीची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि त्यांचे अनुदानावरील अवलंबन वाढले. हाती राहिला तो प्रामुख्याने मालमत्ता कर. त्याची चतुर्थ वार्षिक आकारणी आली की हरकतींचे अर्ज येतात, सुनावण्या होतात आणि निवडणूक जवळ असेल तर वाढ रेंगाळते. दुसऱ्या एखाद्या 'क' वर्ग नगरपरिषदेने ही आकारणी कशी पार पाडली, हरकतदारांची समजूत कशी घातली आणि वसुली कितपत झाली, याचा आकड्यांसह वृत्तांत मेट्रो रेल्वेवरील दहा लेखांपेक्षा देवळालीच्या सभागृहात अधिक आवडीने वाचला जाईल. तो मराठीत असावा, हे वेगळे सांगणे नको. तेथील चर्चा मराठीतच होते.

लहान नगरपरिषदेत आणखी एक अडचण संभवते. मुख्याधिकाऱ्यांचा कार्यकाल सामान्यतः तीन वर्षांचा असतो. बदली झाली की कोणती जलवाहिनी कोठे फुटते, कोणत्या वस्तीत कचऱ्याची गाडी कोणत्या वेळी न्यावी, कोणत्या ठेकेदाराशी करार करताना कोणती अट घालावी, हे अनुभवाने मिळालेले ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. नस्तीत राहतात ते ठराव आणि देयके. ठरावामागील कारणमीमांसा, फसलेल्या प्रयोगासह, लिहून ठेवून छापली गेली, तर नव्या मुख्याधिकाऱ्यास आणि प्रथमच निवडून आलेल्या नगरसेवकास ती वाचून कामास लागता येईल.