सातबाऱ्याचे पान उघडेना, तर मोबाईलात काय पुसावे?



पीककर्ज असो की ठिबकचे अनुदान, सातबारा लागतोच. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघू लागला आणि चावडीचे हेलपाटे कमी झाले. पण औंध गटातून अलीकडे आमच्याकडे एकच तक्रार येते: पान उघडत नाही, नुसते चाक फिरतंय.

आधी दोष कुठे आहे ते ठरवावे. तेच पान शेजाऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. तिथेही उघडले नाही, तर अडचण सरकारी संगणकाकडे आहे. पहाटे पुन्हा बघावे, पुसापुसीचा उपयोग नाही. तिथे उघडले, तर बहुधा गाळ आपल्या मोबाईलात साचलाय.

पान लवकर दिसावे म्हणून ब्राऊझर त्याचे काही भाग जवळ साठवतो, ती कॅशे. सरकारने पान बदलले तरी कधी कधी आपला मोबाईल जुनेच धरून बसतो. कुकी म्हणजे संकेतस्थळाने मोबाईलात ठेवलेली ओळखीची चिठ्ठी. 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. ही चिठ्ठी शिळी झाली की गाडी अडते. गेल्या हंगामाची तोडीची चिठ्ठी घेऊन वजनकाट्यावर ट्रॉली लावावी, तसलाच प्रकार.

क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबून ‘ब्राऊझिंग डेटा हटवा’ निवडावे. खूण कुकीज व कॅशे या दोहोंवरच ठेवावी, पासवर्डवर नको. नंतर सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून युजर आयडी आधी वहीत टिपून ठेवा. भरून पाठवलेला अर्ज वा खात्यातली शिल्लक याने जात नाही; ती मोबाईलात नसतेच.

ई-पीक पाहणीचे मात्र वेगळे आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ही पाहणी ॲपवर होते. शिवारात रेंज नसली तर उसाचा फोटो व नोंद फोनमध्येच राहते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावी लागते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’च्या शेजारीच ‘स्टोरेज साफ करा’ असते, काही फोनवर ‘डेटा साफ करा’. अपलोडआधी ते दाबले की पाहणी गेली! ॲप काढून पुन्हा टाकले तरी तेच. मग परत उसाच्या फडात जाणे आले, आणि मुदत काही आपल्यासाठी थांबत नाही.

हे ज्यांना जमत नाही त्यांनी मोबाईल गट कार्यालयात घेऊन यावा. ओटीपी मात्र स्वतःच टाकावा, आमच्या माणसालाही सांगू नये.