जुन्या मोटारीला नवी टाकी

प्रश्न : बोरी (जि. परभणी) येथील एका वाचकाकडे जुनी आलिशान मोटार आहे. तिची पेट्रोलची टाकी गंजली आहे. देखणी, पण स्वस्तात पडेल अशी नवी टाकी करता येईल का?

उत्तर : जरूर येईल; मात्र आकार मूळचाच ठेवावा. परभणी ज्या निजामाच्या राज्यात होती, त्याच्या घराण्याची १९१२ची पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. तिचे मोल जपलेल्या रूपातच आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘विंटेज’ नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते.

जुन्या टाक्या बहुधा शिसे-कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि बंद उभ्या गाडीची टाकी आतून सडू लागते. म्हणून स्टेनलेस स्टील उत्तम. आतले आडपडदे मात्र गाळू नयेत, नाहीतर वळणावर पेट्रोल हिंदकळते. जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात.

गंज थोडाच असेल, तर साफसफाई आणि डागडुजी सर्वांत स्वस्त.

रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.