सभेची वेळ

मुलांनो, तुमच्या वर्गाची सभा ठरवणे सोपे असते. सर्वजण एकाच खोलीत बसतात आणि एकच घंटा ऐकतात. पण एकाच कामावरची माणसे तीन देशांतील कचेऱ्यांत बसत असतील तर?

समजा, कापड परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे. तिच्या कचेऱ्या मुंबई, दुबई आणि लंडन येथे आहेत. डिसेंबरात मुंबईच्या साहेबांनी कळवले, "उद्या सकाळी दहा वाजता दूरध्वनीवर सभा आहे." ठरल्याप्रमाणे सभा सुरू झाली. तेव्हा दुबईत साडेआठ वाजले होते. पण लंडनमध्ये पहाटेचे साडेचार! तेथील सहकारी कसाबसा उठून बसला. ग्राहकाला माल केव्हा हवा, हे फक्त त्यालाच ठाऊक होते. झोपेच्या भरात नेमके तेच सांगायचे राहून गेले. सभा झाली, काम मात्र अडले.

वेळेत हा फरक का पडतो? पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. म्हणजे एका तासात ती 15 अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. म्हणून आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे ठेवतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

मग सभा केव्हा घ्यावी? मुंबईत दुपारचे तीन वाजतात, तेव्हा दुबईत दीड आणि हिवाळ्यात लंडनमध्ये सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. ही वेळ तिघांनाही सोयीची आहे. शुक्रवार मात्र टाळावा. दुबईत त्या दुपारी जुम्याच्या नमाजाची वेळ असते. तेथील सरकारी कचेऱ्याही 2022 पासून शुक्रवारी अर्धा दिवसच चालतात.

सभा ठरवण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा. पत्रात नुसते "तीन वाजता" लिहू नका. प्रत्येक शहराची वेळ लिहा. विषयपत्रिका आधी पाठवा. सभा संपल्यावर इतिवृत्त सर्वांना द्या. कधी सर्वांच्या सोयीची वेळ मिळत नाही. अशा वेळी गैरसोय आळीपाळीने वाटून घ्या. नेहमी एकानेच पहाटे उठावे, हा न्याय नव्हे.

तुमच्या घरचे कोणी परदेशी असेल, तर त्यांना दूरध्वनी करण्यापूर्वी एक क्षण थांबा. तेथे आता किती वाजले असतील, याचा आधी विचार करा.

शब्दार्थ : कचेरी – कार्यालय, विषयपत्रिका – सभेत बोलायच्या विषयांची यादी, इतिवृत्त – सभेत काय ठरले याची नोंद, आळीपाळीने – एकामागून एक, पाळीप्रमाणे.

स्वाध्याय :
1. पहिल्या सभेत काम का अडले?
2. मुंबईत दुपारचे चार वाजले, तर दुबईत किती वाजले असतील?
3. तीन शहरांतील सहकाऱ्यांना सभेची सूचना देणारे पत्र लिहा.